सातवं चेंबर

पखालपुऱ्यातल्या हौदाला पाच पायऱ्या. पाचवीच्या वर हौदाचं तोंड आणि त्यावर पत्र्याचं झाकण. आठ दिवसांनी कधीतरी नळाला पाणी येई ते या हौदात साठे आणि वस्तीतली चाळीस घरं तेच पाणी पीत. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला गटाराचं काळं पाणी पहिल्या पायरीला लागलं, तेव्हा चाँद मिस्त्री आपल्या दारातल्या गॅरेजात एका फटफटीचं इंजिन खोलून बसला होता.

"चाँदभाऊ!" वरच्या अंगाकडून सुंदरबाईची हाक आली. "आवो, खड्ड्यात पाणी भराया लागलं! संडासातून उलटं येऊ लागलंय! या की लवकर!"

चाँदच्या हातातला पाना थांबला. सप्टेंबर अर्धा सरला होता. मागच्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, यंदा तीन दिवस त्यानं पाठ सोडली नव्हती. चाँदची नजर मात्र पावसाकडं गेली नाही. ती गेली आपल्या दारातल्या शहाबादी फरशीकडं. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेली, सांधे सिमेंटनं भरलेली, पावसानं धुऊन चकचकीत झालेली फरशी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्या फरशीखाली काय आहे ते वस्तीत फक्त दोन माणसांना दिसत होतं. एक चाँद आणि दुसरी त्याची बायको हुस्ना.

तो उठला, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेतलं आणि चढ चढू लागला.

खड्डा गल्ली नावालाच खड्डा. तिची जमीन चाँदच्या उंबऱ्यापेक्षा हातभर वरच होती. पण मधल्या रस्त्यावर दर निवडणुकीला सिमेंटचा नवा थर चढत गेला, रस्ता फुगला आणि त्यामागची गल्ली वाडग्यासारखी खाली राहिली; हौदही तिथंच. वाडग्यातल्या पाण्याला बाहेर पडायला एकच वाट होती: रस्त्याखालून चाँदच्या दारावरून नदीकडं जाणारं बंद गटार.

चार वर्षांपूर्वी ते बंद नव्हतं. उघडा नाला होता. एका रात्रीत तो फुगला, घरात शिरला आणि हौदातही शिरला. हौद उपसायला कुणी आलं नाही. टँकरही आला नाही. तहान कुणासाठी थांबते? लोकांनी तेच पाणी गाळून प्यायलं आणि चौथ्या दिवशी घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सुंदरबाईचा तीन वर्षांचा नातू चाँदनंच फटफटीवरून दवाखान्यात नेला होता. चाँद पुढं, सुंदरबाई मागं आणि मध्ये ते लेकरू. दवाखाना अजून अर्ध्या वाटेवर असताना मागून सुंदरबाई म्हणाली होती, "भाऊ, आता हळू चालवली तरी चालंल."

त्यानंतर रहेमतबी उठली. रहेमतबी म्हणजे साठी उलटलेली फळवाली. आवाज असा की बाजारातल्या शेवटच्या गिऱ्हाइकालाही भाव ऐकू यावा. तिनं गल्लीची कमिटी केली, बायका गोळा केल्या, पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि दोन वर्षांनी नाला बंद करून घेतला. त्यावर अकरा चेंबरं. चेंबर म्हणजे बंद गटाराचं तोंड. झाकण उचलायचं, बांबू आत सारायचा, अडलेला कचरा ओढून काढायचा. गटार जिथं वळतं तिथं चेंबर हवंच, कारण बांबू सरळ जातो, वळणाला वळत नाही. कमिटीनं नियम घातला: ज्याच्या दारात चेंबर, त्यानं दर अवसेला झाकण उघडून साफ करायचं.

गटाराचं मोठं वळण चाँदच्या दारात होतं. तिथंच सातवं चेंबर होतं.

गटाराचं काम उरकलं आणि पंधरा दिवसांत चाँदच्या लेकीचं, आरजूचं लग्न आलं. गल्ली अजून उकरलेलीच, जिकडं तिकडं मातीचे ढीग. कुणाच्या दारात काय झालं हे बघायला कुणाला सवड होती? हुस्ना म्हणाली, "तेलगावचे सोयरे येणार. दस्तरखान आपल्या दारात पडणार. गटाराच्या तोंडावर बसून ते बिर्याणी खातील व्हय?" चाँदनं बाहेरगावचा एक गवंडी पाहिला, त्याला फरशी टाकायला सांगितलं आणि स्वतः पत्रिका घेऊन पाटोद्याला गेला. संध्याकाळी परत येऊन बघतो तर दार आरशासारखं झालेलं. झाकणाचा मागमूस नाही. लग्न झाल्यावर फरशी फोडून झाकण मोकळं करू, असं त्याच्या मनात होतं. लग्न झालं. दावतीची लोकांनी तारीफ केली. फरशीची तर जास्तच केली. आज फोडू, उद्या फोडू म्हणता म्हणता एक दिवस रहेमतबी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन झाकणांवर आकडे टाकत आली.

"चाँद, सातवं कुठं हाय रे?"

आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सातवं ठेकेदारानं केलंच न्हाई, आपा."

एवढंच. रहेमतबीनं लगेच विश्वास ठेवला. ठेकेदारानं एक चेंबर खाल्लं यात नवल ते काय? पखालपुऱ्यानं ठेकेदारांना शाळेची अख्खी भिंत पचवताना पाहिलं होतं. अर्ज लिहिला गेला. चाळीस घरांच्या सह्या झाल्या. चाँदनंही केली. पालिकेचा तरुण इंजिनिअर अभिमन्यू नकाशा घेऊन आला तेव्हा बायकांनी त्याला घेरलं. "नकाशात हाय, जमिनीत न्हाई! मग बांबू काय नकाशात घालू?" सगळी गल्ली हसली. चाँदही हसला. पुढं अभिमन्यूच्या मागं चौकशी लागली, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्या दिवशी तो जेवला नव्हता. पण बोललाही नव्हता.

*

खड्डा गल्लीत गुडघाभर पाणी झालं होतं. वरच्या बाजारातलं, शेतातलं, गावातलं सगळं पाणी तिथंच उतरत होतं. लोक गाद्या, गॅसच्या टाक्या, लेकरांची दप्तरं डोक्यावर घेऊन रस्त्याकडं चालले होते. वासानं डोळे चुरचुरत होते. रहेमतबी रस्त्याच्या उंचवट्यावर उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ आणि हातात काठी. शाळेतल्या बाईनं फळ्यापुढं उभं राहावं तशी ती सहाव्या चेंबरापुढं उभी होती.

"हे बघा, सहावं काठोकाठ भरलंय. अबरार, आठव्यात काय हाय?"

अबरार हा तिच्या बहिणीचा मुलगा, तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारा. तीस-पस्तिशीचा, सीताफळाचा गाडा लावणारा. तो खालून धावत आला. "आठवं कोरडं हाय खाला! टिपूस न्हाई!"

"मंजे अडलंय कुठं?"

"मधी."

"मधी काय हाय?"

अबरारनंच हसत म्हटलं, "मधी आपल्या चाँदचाचाचं घर हाय. आन ठेकेदाराच्या पोटातलं सातवं चेंबर."

दोघे-तिघे हसले. चाँदनं हसायचा प्रयत्न केला, पण ओठ नुसतेच ताणले गेले.

अबरारनं सहाव्यातून बांबू सारला. बांबू वीस-बावीस हात आत गेला आणि ठक्कन आपटला. वळण. मागं ओढला, पुन्हा सारला. ठक्क. आठव्यातून उलटा घालून पाहिला. तिकडूनही ठक्क.

"दुसरी पायरी गेली!" हौदाकडून कुणीतरी ओरडलं.

रहेमतबीनं खोळीआडून मोबाईल काढला आणि अभिमन्यूला लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"सायेब, पखालपुऱ्यातून बोलते. गटार तुंबलंय. सहाव्या आन आठव्याच्या मधी."

पलीकडून पावसाचा आणि माणसांचा गलका येत होता. अभिमन्यूचा आवाज थकलेला होता. "आपा, तिथं वळण आहे. वळणावर सातवं चेंबर असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आता तुम्हीच म्हणता ते नाही. मग रस्ता फोडावा लागणार. आमची मशीन पुलापलीकडं अडकलीय. पुलावर पाणी आहे. दोन तास तरी लागतील."

"दोन तासात हौद बुडंल सायेब!"

"मी काय करू सांगा ना? मी तर नकाशात दाखवलं होतं." मग तो म्हणाला, "हौदाचं तोंड बांधून घ्या. मी निघतोच."

फोन बंद झाला. चाँदच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं, ते पावसाचं की घामाचं हे त्यालाही कळलं नसतं.

"मी लांब सळई घेऊन येतो," तो म्हणाला आणि घराकडं निघाला. सळई तर गॅरेजात होतीच. पण चार पावलं लोकांच्या नजरेपासून दूर जायला त्याला काहीतरी हवं होतं.

*

पुढच्या खोलीत आरजू खाटेवर होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या लेकीला आज बारावा दिवस, बाळंतिणीचा चाळीस दिवसांचा चिल्ला संपायला अजून महिना बाकी. खोलीत धूप, तेल आणि दुधाचा वास होता. खाटेच्या पायापासून फरशीचं दार फार तर सहा हातांवर.

हुस्नानं त्याला मोरीकडं ओढलं. "काही बोललात का तिथं?"

"न्हाई."

"बोलू पण नका. झाकली मूठ झाकलीच राहू द्या. मशीन येणारच हाय ना?"

"दोन तासांनी."

"मग येऊ द्या." तिचा आवाज घसरला. "आता दारातलं तोंड उघडलं तर खड्ड्यातलं सगळं पाणी कुठं येईल? हितं. ह्या खोलीत. बाळंतीण पोरगी कुठं नेऊ मी? आन उद्या तेलगावाला कळलं तर? फरशी त्यांच्यासाठीच तर टाकली व्हती."

"हुस्ना, दुसरी पायरी बुडाली."

"लोकांनी आपल्याला काय म्हणावं असं वाटतं तुमाला?"

काय म्हणतील ते त्याला पाठ होतं. इंजिन दुरुस्त करून देताना आजवर त्यानं कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. जुना पार्ट घालून नवा म्हणाला नव्हता. म्हणून तर तलवाड्यापासून लोक फटफट्या ढकलत त्याच्याकडं आणत. ते नाव एका फरशीवर येऊन थांबलं होतं.

"अब्बा," आतून आरजू म्हणाली. "कसलं तोंड उघडायचं?"

दोघंही दचकले. आरजू कोपरावर टेकून उठली होती. बाळ कुशीत.

"काही न्हाई बेटा, तू पडून राहा," हुस्ना म्हणाली.

"तिसरी गेली!" बाहेरून आरोळी आली. आता ती घाबरलेली होती. "तिसरी पायरी गेली रे!"

चाँद सळई न घेताच बाहेर पडला. चढावरून त्याला हौद दिसला. सुंदरबाई चौथ्या पायरीवर उभी होती. तिच्या स्वतःच्या घरात पाणी चुलीपर्यंत गेलं होतं, भांडी तरंगत बाहेर येत होती, त्यांच्याकडं तिचं लक्ष नव्हतं. तिनं घरातली गोधडी आणली होती आणि हौदाच्या झाकणाच्या फटीत ती बोटांनी कोंबत होती. एक कोपरा कोंबला की दुसरा निघायचा. ती पुन्हा कोंबायची.

चाँद तिच्याकडं बघत उभा राहिला. मग रहेमतबीपुढं गेला.

"आपा, सातवं चेंबर हाय."

"काय?"

"सातवं हाय. माझ्या दारात, फरशीखाली. ठेकेदारानं बरोबर केलंतं. मी बुजवलं."

गाद्या, टाक्या वाहणारी माणसं रस्त्यावरच थांबली.

"काय बे मिस्त्री!" अबरारच्या तोंडून निघालं. चाचा गेला, नुसता बे राहिला. "दोन साल? दोन साल आमी त्या इंजिनिअरला शिव्या घातल्या! आन तू सही केली व्हतीस आमच्यासंगं! कावून? कावून केलंस बे असं?"

"अबरार!" रहेमतबीनं काठी आपटली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. चाँदकडं तिनं पाहिलंही नाही. "ते नंतर. आधी टिकाव आण. दोन आण."

*

दारात माणसं जमली तेव्हा हुस्ना उंबऱ्यात उभी होती. चाँदला वाटलं ती आडवी येणार. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, मागं जमलेल्या बायका पाहिल्या आणि पदर कमरेला खोचला.

"थांबा. आधी माझी पोरगी काढते."

चार बायकांनी चादर चार कोपऱ्यांनी वर धरली. चादरीखालून आरजू चालत गेली, बाळ हुस्नाच्या छातीशी. रहेमतबीच्या माडीवर त्यांना नेलं. परत येऊन हुस्नानं पेटी खाटेवर चढवली, कुराण कपाटाच्या वर ठेवलं आणि म्हणाली, "फोडा."

पहिला टिकाव चाँदनंच घातला. दुसऱ्या रांगेतली तिसरी फरशी. ती तडकली, उचलली. खाली माती. नुसती दाबलेली माती.

"हितं न्हाई," अबरार म्हणाला. "का हे पण खोटं?"

"हितंच कुठंतरी हाय. झाकणावर मातीचा ढीग व्हता, आन गवंड्यानं फरशी टाकली तेव्हा मी पाटोद्याला गेलतो. नक्की जागा मला बी ठावं न्हाई."

दुसरी फोडली. माती. तिसरी फोडली. मातीच. फरशी दोन बोटं जाड, खाली सिमेंटचा थर. अख्खं दार उकरायला तासभर तरी गेला असता. कुणीतरी पुटपुटलं, "ह्याला ठावंच न्हाई."

"चौथीला लागलं!" वरून सुंदरबाईचा आवाज आला. आता ती हाक मारत नव्हती. नुसतं सांगत होती.

चाँद गॅरेजात धावला. बाहेर आला तेव्हा हातात हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर होता. इंजिनात कुठला आवाज आहे हे कळायला मिस्त्री लोक त्याचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. लोखंड आतला आवाज कानापर्यंत आणतं. वाल्व वाजतोय की बेअरिंग, एवढा फरक चाँदला असा कळायचा. तो दारात गुडघ्यावर बसला, पेचकसाचं टोक फरशीवर रोवलं आणि कान मुठीला लावला.

"हालू नका कुणी. पाय वाजवू नका."

पंधरा माणसं जागच्या जागी उभी राहिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तो त्यानं मनातून बाजूला सारला, गॅरेजात दुसरी गाडी चालू असताना सारायचा तसा. पहिल्या फरशीत काही नाही. मुकी. दुसरी मुकी. तो सरकत राहिला. भिंतीजवळची मुकी. मग उंबऱ्यापासून दोन हातांवरची. तिथं लोखंडातून घरघर आली. दाबून धरलेल्या जनावरानं छातीतून काढावी तशी. त्यानं पेचकस वीतभर सरकवला. घरघर कमी. पुन्हा मागं आणला. वाढली.

"हितं. ह्या दोन फरश्या."

अबरारनं टिकाव उचलला. आता त्यानं बे म्हटलं नाही, चाचाही म्हटलं नाही. दोन घावांत फरशी फुटली. खाली सिमेंटचा थर, त्याच्या खाली लोखंडी झाकणाची कड. पहार घातली. तिघांनी मिळून जोर लावला. झाकण हललं, तिरकं झालं आणि खालून पाण्यानं ते उडवून लावलं.

काळं पाणी कमरेइतकं उंच उसळलं. ते फरशीवर पसरलं, उंबरा ओलांडून आत गेलं. खाटेचे पाय बुडाले. बारा दिवसांच्या बाळाचा पाळणा ज्या कोपऱ्यात होता तो कोपरा काळा झाला. हुस्ना दाराशी उभी राहून बघत होती. तिनं डोळे मिटले नाहीत.

"पाणी आलं, पण गटार सुटलं न्हाई!" रहेमतबी ओरडली. "बूच खाली हाय, नदीच्या अंगाला! बांबू घाला!"

अबरार चेंबरात पाय सोडायला लागला तसा तिनं त्याला काठीनं मागं ढकललं. "आत न्हाई उतरायचं! किती बारी सांगितलं? आतल्या हवेनं माणूस मरतो. जे करायचं ते वरून!"

चाँदनं सळईचं टोक वाकवून आकडा केला आणि तो बांबूला तारेनं आवळला. छातीपर्यंत घाण पाण्यात पालथा पडून त्यानं बांबू आत सारला. आकडा कशात तरी रुतला. मऊ, जड. "ओढा!"

पहिल्यांदा आला तो पेंढा. फळांच्या पेट्यांत भरतात तो, कुजून काळा झालेला. मग केळीच्या घडाचा दांडा. मग सीताफळाच्या पाल्याचा गठ्ठाच्या गठ्ठा, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, लेकरांचे लंगोट. अबरार हाताशी येईल ते बाजूला फेकत होता. तिसऱ्या खेपेला त्याचे हात मंदावले. हा पेंढा कुणाच्या गाड्यावरचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"ठेकेदाराच्या पोटात लईच सीताफळं गेल्ती म्हणायचं," मागून एक बाई म्हणाली. कुणी हसलं नाही. अबरारनं मान खाली घालून पुढचा गठ्ठा ओढला.

"पाचवीला टेकलं!" वरून आवाज आला.

"अजून एकदा," चाँद म्हणाला. "सगळ्यांनी धरा. मी म्हणंन तवा."

सात-आठ हात बांबूला लागले. हुस्नाचेही होते. चाँदनं आकडा फिरवला, रुतवला. "हां!"

बांबू वाकला. काही क्षण काहीच झालं नाही. मग जमिनीखाली कुठंतरी मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि सगळे मागं कोसळले. चेंबरातलं पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, खाली गेलं. उंबऱ्याच्या आतलं पाणी परत फिरून त्या तोंडाकडं धावू लागलं. खालून कुणीतरी ओरडलं, "आठव्यात पाणी आलं! आठवं चाललं!"

चाँद तसाच चिखलात बसून राहिला. सगळ्यांचे कान वर, हौदाकडं लागले होते. तिकडून काहीच आवाज येईना. पाणी शिरलं की काय? रहेमतबीनं हाक मारली, "सुंदर! काय झालं गं?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "पाचवी उघडी पडली."

आणि आणखी थोड्या वेळानं, "चौथी दिसतीय."

*

चार वाजेपर्यंत खड्डा गल्लीत घोटाभर पाणी उरलं. पाऊसही भुरभुरीवर आला. चाँदनं रहेमतबीकडून फोन मागून घेतला आणि अभिमन्यूला लावला.

"सायेब, मशीन नका आणू. सुटलं गटार. सातव्या चेंबरातून काढलं."

मग त्यानं उरलेलंही सांगून टाकलं.

"ते पहिल्यापासून हाय. माझ्या फरशीखाली व्हतं. मी खोटं बोललो."

"लिहून द्याल?" अभिमन्यूनं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यामुळं चाँदला जास्त लाज वाटली.

"देतो. ज्यांच्या ज्यांच्या पुढं खोटं बोललो, त्यांच्या पुढंच देतो."

मग तो घरात आला. पुढच्या खोलीत वीतभर गाळ साचला होता. भिंतीवर गुडघ्याखाली काळी रेघ उमटली होती. हुस्ना खराट्यानं गाळ दाराकडं लोटत होती. त्यानं फावडं घेतलं.

दारात सावली पडली. सुंदरबाई. कमरेपर्यंत भिजलेली, हातात रिकामी बादली, बोटांची कातडी पाण्यानं सुरकुतलेली. चाँद उभा राहिला.

"वहिनी..."

"आरजू कशी हाय?"

"आपाच्या माडीवर. बरी हाय."

"लेकरू?"

"झोपलंय."

सुंदरबाईनं मान हलवली. फुटलेल्या फरशीकडं पाहिलं, उघड्या चेंबराकडं पाहिलं. मग चाँदच्या डोळ्यांत पाहिलं.

"एक सांगा मला. पाणी चढत व्हतं तवा तुमाला ठावं व्हतं?"

आत्ताच आठवलं, असं तो म्हणू शकला असता. लोकांनी कदाचित मानलंही असतं. घाबरून गेलो, सुचलं नाही, असंही म्हणता आलं असतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

"ठावं व्हतं."

"किती येळ गप ऱ्हायलात?"

हुस्नाचा खराटा थांबला.

"तिसरी पायरी बुडंस्तोवर," चाँद म्हणाला.

सुंदरबाईचे ओठ हलले, जणू ती काहीतरी मोजत होती. चाँदला वाटलं ती आता शिवी देईल आणि त्याला ती हवी होती. पण तिनं शिवी दिली नाही. माफही केलं नाही.

"हौदाच्या झाकणापाशी पाणी लागलंतं," ती म्हणाली. "आत गेलंय का न्हाई, मला कळंना. आज कुणी घोटभर बी प्यायचं न्हाई. आत्ताच्या आत्ता उपसायचा, घासायचा, चुना लावायचा. चाळीस घरांचा हौद हाय, एकटीच्यानं न्हाई व्हायचा."

"मी घर एवढं आवरून..."

"घर नंतर."

तिनं बादली त्याच्यापुढं धरली. भाऊ म्हणाली नाही. चाँदनं फावडं भिंतीला टेकवलं, बादली घेतली आणि गाळानं भरलेलं घर तसंच उघडं टाकून तो तिच्यामागं चढ चढू लागला.